अकरा नंबरचं काडतूस

न सांगता मदत करायची माझी खोड जुनी आहे. तिच्यापायी आमच्या घरातला मिक्सर गेला, बायकोचा एक रेशमी ब्लाउज गेला, आणि एकदा तर शारजाच्या पलीकडच्या वाळवंटात अख्खा डबाभर दारू जाळावी लागली.

दारू म्हणजे बंदुकीची. उगीच गैरसमज नको, शारजात नोकरी करणाऱ्या माणसाने शब्द जपून वापरलेला बरा.

माझा धंदा वजनकाटे तपासण्याचा. औद्योगिक क्षेत्रात आमच्या कंपनीचं दीड खोलीचं ऑफिस आहे. तिथून निघून मी जबल अलीच्या गोदामातल्या ट्रक तोलणाऱ्या काट्यांपासून सोनारांच्या काट्यांपर्यंत सगळ्यांना खरं बोलायला लावत फिरतो. वाळवंटात एक नेमबाजीचा क्लब आहे, तिथल्या कार्यशाळेत एक अगदी नाजूक काटा होता. काडतुसात भरायची दारू त्याच्यावर तोलत. क्लबला तसा परवाना होता, एकेका गोळीची नोंद व्हायची आणि भरलेलं काडतूस भिंतीबाहेर जायचं नाही. काटा दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायचा, हा तिथला नियम. पाच वर्षांपूर्वी ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या भेटीत कार्यशाळेत कुणी नव्हतं. काट्याच्या पॅनमध्ये चिमूटभर करड्या रंगाची दारू उरलेली होती. काटा तपासायचा तर पॅन रिकामा हवा. समोर कपाट उघडं, कपाटात तीन डबे, तिन्हींत करड्या रंगाचंच काहीतरी. मी आपला शहाणा माणूस, पॅनमधली दारू पहिल्या डब्यात ओतली, झाकण लावलं आणि फडक्याने टेबलसुद्धा पुसून ठेवलं.

तेवढ्यात चाचा आले. सत्तरीला टेकलेला, किडकिडीत, पांढऱ्या दाढीचा माणूस, डोक्यावर जाळीची टोपी. रिकामा पॅन पाहिला आणि विचारलं, "यातली कुठे गेली?"

मी माझ्या हिंदीत 'इस में' म्हणत अभिमानाने डबा दाखवला.

ते डबा उचलून बाहेर गेले, वाळूवर त्यातल्या दारूची लांब बारीक रेघ ओढली, मला दहा पावलं मागे उभं केलं आणि एका टोकाला काडी लावली. फुस्स करत पिवळी ज्योत रेघेवरून पळत गेली. सगळं मिळून चहा कपात ओतायला लागतो तेवढा वेळ.

"तू चिमूटभर टाकलीस," ते मराठीतच म्हणाले, माझ्या हिंदीवरून त्यांनी गाव ओळखलं असावं, "पण आता त्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नसलेली वस्तू मी माणसाच्या गालाजवळ फोडत नाही. बस, चहा पी. पुढच्या वेळी मदत करू नको."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू हॅड वन जॉब."

चाचा रत्नागिरीकडचे. खाडीकाठचं गाव, घरात कोकणी बोली, शाळा मराठी. चौतीस वर्षांपूर्वी एका अरब शेखाने त्यांना हत्यारं साफ करायला आणलं. त्या शेखाला शिकारीचा शौक, दरवर्षी आफ्रिकेत जायचा. तो गेला, मग त्याचा मुलगा क्लबचा मालक झाला. चाचा त्याला अरबाब म्हणायचे, म्हणजे इथल्या भाषेत मालक, आणि अरबाब त्यांना चाचा म्हणायचा. दुबईच्या अल मनखूल भागातल्या आमच्या घरी चाचा ईद-दिवाळीला यायचे. मला ते नावाने हाक मारत नसत, 'काटेवाला' म्हणत. माझ्या बायकोला बेटी म्हणत. मला आयुष्यात कुणी हुद्द्यावरून ओळखलेलं नाही, त्यामुळे मला ते आवडायचं.

मी दर तीन महिन्यांनी जायचो, तो हळूहळू दर गुरुवारी जायला लागलो. ऑफिसला सांगायचो, साइटवर आहे. खोटं नव्हतं, चाचांचा चहा ही साइटच होती.

गेल्या वर्षी अरबाबने एक काम काढलं. त्याच्या वडिलांची जुनी शिकारी रायफल होती, मध्यम जाडीच्या नळीची. हरणाला जास्त आणि हत्तीला कमी, असं चाचा तिचं वर्णन करत. तिची काडतुसं बाजारात येणं बंद झालं होतं, आणि जी जुनी पेटीभर उरली होती त्यांचा धक्का इतका की अरबाबच्या ऑपरेशन झालेल्या खांद्याला तो सोसणारा नव्हता. त्याला शिकार करायची नव्हती. वडिलांच्या रायफलने वर्षातून एकदा लक्ष्यावर वीस गोळ्या झाडायच्या, एवढंच. त्यासाठी सौम्य काडतूस हवं होतं, आणि ते चाचांनी हाताने बसवायचं होतं.

मला वाटायचं, सौम्य म्हणजे दारू कमी घालायची, संपलं. चाचांनी मला तासभर समजावलं. पुस्तकात प्रत्येक दारूसाठी खालचा आकडा असतो आणि वरचा. वरच्याजवळ जायची घाई करायची नाही, हे कुणालाही कळतं. पण खालच्याच्या खालीही उतरायचं नाही, फार थोडी दारूसुद्धा कधीकधी भलतीच वागते. म्हणून सौम्य काडतुसासाठी वेगळ्या जातीची दारू निवडायची, तिच्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक पायरीवर पाच काडतुसं करायची, झाडायची, आणि मग रिकाम्या पुंगळ्या हातात घेऊन बघत बसायचं. बुडाची टोपी, जिच्यावर घोडा आपटतो ती, चपटी झाली का, पुंगळी फुगली का, खटका उचलताना जड लागला का. जरा शंका आली की तिथेच थांबून मागे यायचं.

"यात धोका कुठे आहे सांग," ते म्हणाले.

मी म्हटलं, "जास्त दारूत."

"ते सगळेच सांगतात." त्यांनी एक रिकामी पुंगळी माझ्यापुढे धरली. पितळेची, करंगळीपेक्षा जाड. "ही बघ केवढी मोठी आहे. सौम्य काडतुसाची दारू हिच्यात तळाशी बसते. म्हणजे चुकून दोनदा भरली तरी वर येऊन सांडत नाही. डोळ्याला कळत नाही. गोळी बसवली की दोन्ही सारखी दिसतात. एक झाडली की भोक पडतं, दुसरी झाडली की रायफल हातात फुटते."

म्हणून त्यांच्या कामाला शिस्त होती. टेबलावर एका वेळी एकच डबा. वीस पुंगळ्यांचा लाकडी ट्रे, प्रत्येक खाचेखाली नंबर. दारू तोलायची, पुंगळीत ओतायची, नंबर मोठ्याने म्हणायचा. वीस झाल्या की छोटा टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकवायचं, सगळ्यांत पातळी सारखी आहे ना. मगच गोळ्या बसवायच्या. मध्ये बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम नमाजाचा. दुपारच्या नमाजानंतर बसायचं आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या, आत उठायचं. काम पुरं झालं नसेल आणि बांग झाली, तर भरलेल्या सगळ्या पुंगळ्या परत डब्यात रिकाम्या करायच्या, ट्रे उलटा ठेवायचा, मग वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, जायचं. अर्धा भरलेला ट्रे टेबलावर सोडून ते चौतीस वर्षांत कधी उठले नव्हते. "नमाजात उभं राहून माझं मन ट्रेमध्ये असेल तर ना नमाज धड, ना ट्रे," असं ते म्हणायचे.

सहा महिने हे चाललं. अरबाबने घाई केली नाही. चाचणीच्या दिवशी रायफल त्याच्या घरून यायची आणि संध्याकाळी परत जायची. डिसेंबरात एक माप जमलं. गोळ्या लक्ष्यावर एकमेकींच्या जवळ पडत होत्या, टोप्या गोल होत्या, धक्का असा की चाचा म्हणाले, माझी मुलगीसुद्धा झाडेल. जानेवारीतल्या एका शनिवारी अरबाब वडिलांची रायफल घेऊन येणार असं ठरलं. त्या शनिवारच्या आधीचा गुरुवार, चाचा शेवटची वीस काडतुसं भरायला बसले होते आणि मी काटा तपासायला गेलो होतो.

थंडीच्या दिवसांत असर लवकर होते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी पोचलो तेव्हा ते ट्रेवर वाकलेले होते. मी नेहमीसारखा कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसलो. नऊ, ते म्हणाले. मग दहा. जरा वेळ गेला. अकरा. आणि क्लबच्या कोपऱ्यावरच्या मशिदीतून बांग झाली.

चाचा उठले, बाह्या सारल्या आणि गेले.

ट्रे टेबलावर होता. अकरा पुंगळ्या भरलेल्या, नऊ रिकाम्या. मी पाहिलं. मी हे पुन्हा लिहितो, कारण नंतर मी स्वतःला बरंच काही समजवायचा प्रयत्न केला: मी ट्रे पाहिला. आणि मला काय वाटलं, तर आज थोडा वेळ आहे, मुलीच्या शाळेत परवा जी गंमत झाली ती चाचांना सांगता येईल.

ते परत आले, बसले, आणि मी सांगायला सुरुवात केली. भरताना बोलायचं नाही हे मला ठाऊक होतं. पण ते हसले, मी आणखी सांगितलं. मी गोष्ट सांगायला लागलो की मला समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे, म्हणून चाकू हातात असताना बायको मला स्वयंपाकघरात उभं करत नाही. माझी गोष्ट संपली तेव्हा वीस काडतुसं गोळ्या बसवून तयार होती. टॉर्च त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. तो बाहेर निघाला होता की नाही, ते मला सांगता येणार नाही.

मग मी माझं काम केलं. काट्याचा बुडबुडा मध्यावर आणला, एसीची झडप बंद केली, माझी वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. हिरवं स्टिकर लावलं. आणि मग, केवळ हौस म्हणून, तयार काडतुसं एकेक करून त्याच काट्यावर ठेवायला लागलो. पितळ आणि शिसं थोडंफार कमीजास्त असतं, त्यामुळे आकडे जरा इकडेतिकडे होतात, पण एका चांगल्या कारागिराची वीस काडतुसं ओळीने तोलण्यात एक सुख आहे. दहापर्यंत मी ते सुख घेतलं.

अकरावं जड होतं.

मी ते उचललं, काटा शून्यावर येऊ दिला, परत ठेवलं. तेवढंच जड. बारावं ठेवलं, बरोबर. पुन्हा अकरावं. जास्तीचा आकडा किती, हे मला वहीत बघावं लागलं नाही. सहा महिने मी तेच माप ऐकत होतो.

चाचा पाठमोरे, ब्रशने टेबल झाडत होते. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी. ते काडतूस खिशात टाकावं आणि निघून जावं. एकोणीस उरतील, चाचा म्हणतील एक कुठे गेलं, मी म्हणेन मोजायला चुकलात. हात खिशापर्यंत गेलासुद्धा. मग डोक्यात आलं, परदेशी माणूस, खिशात काडतूस, वाटेत पोलीस. मी धाडसी नाही म्हणून प्रामाणिक राहिलो. असं माझ्या बाबतीत बरेचदा होतं.

"चाचा," मी म्हटलं, "अकरा नंबर जरा बघता?"

ते आले. आकडा पाहिला. चष्मा काढला, पुसला, घातला, परत पाहिला. गोळी उपटायची त्यांची एक हातोडी होती, काडतूस तिच्या पोटात अडकवून ओंडक्यावर ठोकायचं. तीन ठोक्यांत गोळी सुटली. दारू पॅनमध्ये ओतली.

बरोबर दुप्पट. केसभरही कमी नाही, जास्त नाही.

"दोन्ही वेळा माप चुकलं नाही," ते म्हणाले.

मी घाईघाईने बोलायला लागलो. माझी बडबड, मी बोलायला नको होतं, लक्ष माझ्यामुळे गेलं.

"तू बडबड्या आहेस हे मला पाच वर्षं माहीत आहे," चाचा म्हणाले. "तुझ्या बडबडीने माझा ट्रे टेबलावर सोडला नाही. तो मी सोडला. तेव्हा तू गप्प होतास."

त्यांनी खणातून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक दिवसाचं काम तिच्यात लिहिलेलं. ती मी अनेकदा पाहिली होती, पण माप आणि तारीख यापलीकडे कधी वाचली नव्हती. त्यांनी मागची पानं उलटून माझ्यापुढे ठेवली.

सप्टेंबरात एका दिवशी खाली लाल अक्षरात: नंबर विसरलो. सगळं ओतलं. पुन्हा. त्याच आठवड्यात: टॉर्च दाखवला का आठवत नाही. सगळं ओतलं. पुन्हा. पुढे ऑक्टोबर. डबा कोणता काढला, दोनदा पाहिलं. पुन्हा. नोव्हेंबरात एका दिवसात तीन वेळा पुन्हा. अक्षर सुबक, शाळेत गिरवल्यासारखं.

चार महिने हा माणूस आपल्याच मागे पहारा देत होता, आणि मी दर गुरुवारी समोर बसून चहा पीत होतो.

"मला समजत होतं," ते म्हणाले. "म्हटलं, विसरू दे. विसरलो हे समजतंय तोवर ओतायचं, पुन्हा करायचं. वेळ लागतो, लागू दे. आज विसरलो हे समजलंच नाही." त्यांनी वही मिटली. "खलास."

मी म्हणालो, "कुणाला कळायचं कारण नाही. आपण दोघंच आहोत. वीसच्या वीस उपटू, उद्या मी सुट्टी काढून येतो, शेजारी बसतो, नंबर मी म्हणतो. शनिवार पार पडेल."

"आणि मग?"

"मग बघू."

"काटेवाल्या, तुझ्या तपासणीत एखादा काटा कधी बरोबर, कधी चूक दाखवायला लागला, तर काय करतोस?"

उत्तर त्यांना माहीत होतं. अशा काट्याला लाल स्टिकर लावायचं, 'वापरू नये'. कायम चूक दाखवणारा काटा परवडतो, त्याला दुरुस्ती करता येते. कधीकधी चुकणारा दुरुस्त होत नाही.

"तुझ्या बॅगेत आहे ना?" ते म्हणाले. "लाव की मग इथे," आणि कपाळ पुढे केलं. थट्टाच करत होते. मीसुद्धा हसलो. आमचं दोघांचं हसणं फार वेळ टिकलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी वीसच्या वीस काडतुसं उपटली. मी ओंडका धरून बसलो. प्रत्येक पुंगळीतली दारू त्यांनी तोलली. बाकीच्या एकोणीस अगदी चोख होत्या. प्रत्येक वेळी आकडा बघून ते मान डोलवायचे, जणू दुसऱ्या कुणाचं काम तपासत होते आणि ते काम त्यांना पसंत पडत होतं.

निघताना म्हणाले, "शनिवारी तू ये. मी अरबाबला सांगेन. सांगताना काही विसरलो तर तू सांग."

शनिवारी सकाळी अरबाब आला. पन्नाशीचा, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात, रायफलची लांब चामडी पेटी स्वतः उचलून. नोकराला हात लावू दिला नव्हता. चाचांनी त्याला बसवलं, कहवा ओतला आणि हिंदीत सगळं सांगितलं. वही दाखवली. काहीही विसरले नाहीत. बांगेपासून हातोडीच्या तीन ठोक्यांपर्यंत. मला एक शब्द बोलावा लागला नाही. माझ्या मनात आलं, एवढं सगळं नीट सांगू शकणारा माणूस विसराळू कसा, अरबाबलाही तसंच वाटलं असणार. मग चाचांनी त्याला दुसऱ्यांदा कहवा विचारला. त्याचा कप भरलेलाच होता.

चाचांनी दारूच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

अरबाबने ती उचलली नाही. बोटाने परत चाचांकडे सरकवली. मग म्हणाला, "चाचा, मेरे वालिद का हाथ पकड के आपने शूटिंग नहीं सिखाया, मेरा हाथ पकड के सिखाया. आप कहीं नहीं जाएगा. रोज आओ, बैठो, चाय पियो. काम कोई और करेगा."

"काम नहीं तो मैं किसलिए, अरबाब," चाचा म्हणाले. "बच्ची बुला रही है गाव में."

"बंदूक?"

"किसी अच्छे आदमी से कराओ. धीरे धीरे. माप वही में है."

अरबाबने पेटी उघडली नाही. जशी आणली होती तशी परत गाडीत ठेवली. किल्ली टेबलावरच राहिली, शेवटी क्लबच्या मॅनेजरने येऊन ती नेली.

फेब्रुवारीत मी चाचांना विमानतळावर सोडलं. दोन बॅगा, एक खोका, खोक्यात मुलीसाठी भांडी. आत जायच्या रांगेत त्यांनी पासपोर्ट तीन वेळा काढून पाहिला. तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले, "हे विसरणं नाही. पासपोर्ट सगळेच तीनदा बघतात." मी म्हटलं, मी तर पाचदा बघतो. ते खरं आहे.

क्लबच्या काट्याला आता मी तीन महिन्यांनीच जातो. तिथे नवा माणूस आहे, मन लावून काम करतो, चहा विचारत नाही. ती रायफल अरबाबने कुणाला दिली नाही. मॅनेजर म्हणाला, घरी कपाटात आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी चाचांच्या मुलीने फोन लावून दिला. सुट्टीचा दिवस होता, मी टेबलाशी बसून मटार सोलत होतो, फोन स्पीकरवर. चाचांनी मला लगेच ओळखलं. काटेवाल्या, कसा आहेस, बेटी कशी आहे. मग म्हणाले, "अरबाबची रायफल झाली का?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला होईल, चाचा."

त्यांनी गावाचं सांगितलं, खाडीला मासे कमी झालेत, जावई चांगला आहे. मग म्हणाले, "ऐक, अरबाबची रायफल झाली का?"

"झाली," मी म्हटलं. "फार छान झाली. वीसच्या वीस एका मुठीएवढ्या जागेत."

"टोप्या?"

"गोल."

"खांदा?"

"काही त्रास नाही म्हणाले."

"मग बरोबर," चाचा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. मुलीने फोन घेतला, हल्ली असंच आहे म्हणाली, सकाळपासून चौथ्यांदा विचारतायत.

फोन ठेवल्यावर मी मटार सोलत राहिलो. बायको ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, उगीच तोललं मी ते काडतूस, माझ्याच हौसेने गेले ते. हे मी तिला महिन्यातून एकदा तरी म्हणतो, आणि ती दर वेळी म्हणते, नसतं तोललं तर अरबाबचा चेहरा गेला असता. या वेळी ती तसं म्हणाली नाही. गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"दिवाळीला आले होते ना," ती म्हणाली. "जेवण झालं, हात धुतले, आणि तुम्ही मुलीला क्लासला सोडायला खाली गेलात. ते बाल्कनीत जरा उभे राहिले. मग येऊन परत टेबलाशी बसले. म्हणाले, बेटी, मला उशीर झाला, माझ्यासाठी खोळंबलात का सगळे."

"मग?"

"मग मी वाढलं. पूर्ण ताट वाढलं, मसालेभातापासून. अर्धं खाल्लं आणि थांबले. ताटाकडे बघत बसले. नंतर मला म्हणाले, काटेवाल्याला सांगू नको. मी बरं म्हटलं." तिने माझ्यासमोरच्या सालांमधून दोनचार दाणे वेचून वाटीत टाकले. "नाही सांगितलं मी. मला वाटलं, जेवणाचंच तर आहे."